दिवस आहे की रात्र?

गेला आठवडाभर माझा प्रत्येक दिवस सायंकाळच्या पाचांची वाट पाहण्यात गेला. माझी वृद्ध आत्या न्यूमोनियाने अत्यवस्थ होऊन नवीन जालन्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होती; आणि पाच वाजता घरच्यांपैकी एकाने पाच मिनिटे आत जावे, असा तेथील शिरस्ता असल्यामुळे, चोवीस तासांच्या प्रतीक्षेतून पदरी पडायचे ते तेवढ्यातच पडे. पहिल्या दिवशी चपला बाहेर काढून, हात धुऊन, तोंडाला मास्क बांधून मी खाटेपाशी गेलो, तेव्हा प्राणवायूच्या नळ्यांतून वाट काढीत आलेल्या क्षीण स्वरात तिने घरच्यांची चौकशी केली नाही की स्वतःच्या दुखण्याविषयी काही सांगितले नाही, तिने एवढेच विचारले, "दिवस हाय का रात?"

बाहेर रस्त्यावर ऊन होते. परंतु ज्या दालनास खिडकी नाही आणि जेथील दिवे अहोरात्र जळतात, तेथे सत्तर वर्षे कोंबड्याच्या आरवण्यावर उठलेल्या शेतकरी बाईस हे कळावे कसे?

दाराशी असलेला मज्जाव निष्कारण आहे, असे मी म्हणणार नाही. आतील रुग्णांची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते, शेजारच्या खाटेवर कोणत्या क्षणी कोणता तातडीचा उपचार सुरू होईल याचा नेम नसतो, आणि परक्या माणसांच्या दृष्टीपासून रुग्णाची लाज राखणे हेही सिस्टरांचेच काम असते. शिवाय आपल्याकडे आजाऱ्यास भेटून येणे हे नातेसंबंधांतील देणे समजले जाते, कोण आले आणि कोण फिरकले नाही याचा हिशेब पुढे वर्षानुवर्षे निघतो, आणि म्हणून एका रुग्णामागे गावाकडून जीप भरून माणसे येतात. या गर्दीचा क्षोभ डॉक्टरांवर कोसळण्याचे प्रकार इतके वाढले की, रुग्णालयांतील हिंसेस प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रास २०१० साली करावा लागला. दार घट्ट लावले गेले, त्यात आपलाही हात आहे.

तथापि अतिदक्षता विभागाचा जन्म ज्या प्रसंगातून झाला, तो ध्यानी घेतला म्हणजे बंद दाराविषयी पुन्हा विचार करावासा वाटतो. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरी पोलिओची भयंकर साथ आली; श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांची संख्या श्वास पुरविणाऱ्या यंत्रांहून कितीतरी अधिक झाली; तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेस छेद देऊन, तीत नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबीत श्वास पुरविण्याची तजवीज केली, आणि सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून त्या पिशव्या दाबीत राहिले. पुढल्याच वर्षी इब्सेन यांनी जो विभाग उभारला, तो जगातील पहिल्या अतिदक्षता विभागांत गणला जातो. ज्या हातांनी तो श्वास पुरविला, त्यांचे काम पुढे व्हेंटिलेटरने घेतले. पण उशाशी बसलेल्या माणसाचे दुसरे जे काम होते, सोबतीचे, ते कोणत्याही यंत्राकडे सोपविता आलेले नाही.

दार किंचित उघडल्यास अनर्थ ओढवेल, या भीतीचीही परीक्षा झालेली आहे. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत आप्तांना दिवसाला बारा तासांपर्यंत थांबण्याची मुभा देऊन पाहण्यात आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णांचा भ्रम (डेलिरियम) लक्षणीय प्रमाणात घटल्याचे दिसले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु जंतुसंसर्गही लक्षणीय वाढला नाही, आणि आप्तांची चिंता व खिन्नता मात्र कमी झाली.

आता आपल्या शहराकडे वळू. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तरी गंभीर रुग्ण म्हटला की 'घाटीत न्या' हाच सल्ला येथे दीर्घकाळ कानी पडे, आणि साठ किलोमीटरांवरील औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) त्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात डबे व अंथरुणे घेऊन कुटुंबे मुक्काम करीत. आज अतिदक्षतेच्या खाटा आपल्याच शहरात आहेत, माणसे कुंडलिका नदीच्या या किंवा त्या तीरावरच राहतात. मग हे सान्निध्य दाराशी येऊन व्यर्थ का व्हावे?

माझी सूचना माफक आहे. प्रत्येक रुग्णामागे एकच ठरलेला आप्त असावा. त्याने हात धुण्याचा नियम कसोशीने पाळावा, उपचार चालू होताच निमूटपणे बाहेर यावे. आणि या अटींवर त्यास मिनिटे नव्हे, तर तास मिळावेत. डॉक्टरांनी रोज नियत वेळी त्याच्याशी चार वाक्ये बोलावीत. रुग्णास दिसेल अशा भिंतीवर घड्याळ व दिनदर्शिका असावी. आणि उरलेल्या आपण सर्वांनी आत जाण्याचा हट्ट सोडून डबा पोहोचवावा, रक्त द्यावे, रात्री जागणाऱ्यास दोन तास झोपू द्यावे. या भेटीही हिशेबात धराव्यात.

दुसऱ्या दिवसापासून मी आत जाताच आत्याला आधी वार आणि वेळ सांगू लागलो, आणि तेवढ्याने तिची कपाळावरची आठी सैल होई. पण तो प्रश्न पाच वाजताच पडतो असे नाही. सिस्टर बिचाऱ्या अनेक खाटा सांभाळतात; रात्री तीन वाजता कोणी म्हाताऱ्या माणसाने तो विचारला, तर "रात्र आहे, मी इथेच आहे" असे सांगणारे त्याच्या घरचे कोणीतरी जवळ असावे, इतकेच माझे मागणे आहे.

— जालनेकर