‘हमखास गुण !’

मोबाईलच्या पडद्यावर हल्लीं एक नवा वैद्य दिसूं लागला आहे. त्याचें औषध एकच; परंतु त्यानें मधुमेह जातो, संधिवात जातो, कोड जातें आणि अंगावरील सारे चट्टे सात दिवसांत नाहींसे होतात ! पूर्वीं अशा जाहिराती वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत येत. जागा बदलली, भाषा तीच राहिली. अशा दाव्यांची पारख कशी करावी, हें आपल्या वर्धा जिल्ह्याच्याच इतिहासावरून शिकतां येईल, असें आम्हांस वाटतें.

वर्ध्यानजीक दत्तपूर येथें १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं कुष्ठसेवेस आरंभ केला. पुढें संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठपीडित होऊन सेवाग्रामीं आले, तेव्हां महात्माजींनीं त्यांस ठेवून घेतलें व स्वतःच्या हातांनीं त्यांच्या अंगास मालिश केलें. त्या काळीं या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. देतां येत होती ती सेवा.

औषध आलें तें पायरीपायरीनें. १९४१ सालीं अमेरिकेंत कार्व्हिल येथें सल्फोन वर्गांतील औषधाचा प्रयोग सुरू झाला. १९५१ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशननें पाहणी, लोकशिक्षण व उपचार यांची सांगड घातली. पुढें एकट्या औषधास जंतु दाद देईनासे झाले, म्हणून १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची शिफारस केली. भारतांत ही पद्धति प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत वर्धा एक होता. चट्टे थोडे असल्यास ६ महिने, अधिक असल्यास १२ महिने, असा तिचा नियम. चाळीस वर्षांच्या परीक्षेंतून निघालेलें औषध महिन्यांचा हिशेब सांगतें. सात दिवसांची हमी तेवढी मोबाईलवरील वैद्य देतो.

या रोगाचा पहिला चट्टा बहुधा दुखत नाहीं, खाजत नाहीं. तेथें स्पर्श मात्र समजत नाहीं. म्हणून घरचीं माणसें ‘आधीं हा लेप लावून पाहूं’ म्हणतात. लेपाचे पैसे पुन्हां मिळवितां येतील. परंतु गेलेल्या महिन्यांत नसा निकामी होतात, बोटें वांकडीं होतात, आणि मागाहून जंतु मेले तरी जुनी इजा बहुधा भरून येत नाहीं. हें सारें कशासाठीं ? खरें औषध तर सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतें !

कोणी म्हणेल, ‘अमक्यास प्रत्यक्ष गुण आला.’ आला असेल. पुष्कळ विकार आपोआप बरे होतात व श्रेय औषधास जातें. ज्यांस गुण आला नाहीं, त्यांचीं चित्रें जाहिरातींत कोण छापील ? कुष्ठरोग, कर्करोग, मधुमेह इत्यादि रोग बरे करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्यानें बंदी आहे, ती याचसाठीं.

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, घरांत वडील माणसें मोबाईल पुढें करून ‘हें वाच बरें’ म्हणतात, तेव्हां वाचणारे आपणच असतों. औषध किती जणांस दिलें, किती जणांस गुण आला नाहीं, तें कोणीं तपासलें, हें तेथें लिहिलें आहे काय, तेंहि वाचून दाखवावें. आणि कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर त्याच दिवशीं त्यास आरोग्य केंद्रांत घेऊन जावें. एवढें काम आपल्या हातून सहज होण्यासारखें आहे.