हसणारी शाहिरी हरवू द्यायची काय?

गेल्या महिन्यात कायद्याच्या एका जुन्या पुस्तकाच्या शोधात आम्ही औरंगपुऱ्यात गेलो होतो. पुस्तक काही मिळाले नाही. परंतु जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मुखपृष्ठ फाटलेली, बत्तीस पानांची एक गाण्यांची पुस्तिका हाती लागली. किंमत आठ आणे. कवीचे नाव मुखपृष्ठाबरोबरच गेलेले. प्रत्येक गीताच्या डोक्यावर त्या काळच्या एखाद्या सिनेमातल्या गाण्याची चाल दिलेली. वीस रुपये देऊन पुस्तिका घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या वाचू लागलो. आणि आम्ही चक्क हसत सुटलो!

एका गीतात सर्वांना मुहूर्त काढून देणाऱ्या भटजीचीच एसटी चुकते. दुसऱ्यात दीक्षा घेतलेला आमचाच एक बांधव कणगीमागे म्हसोबा लपवून ठेवतो आणि पाहुण्यांपुढे बुद्धवंदना म्हणतो. तिसऱ्यात एकाच खुर्चीवर बसायला निघालेले दोन पुढारी आहेत. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष १९५९ सालीच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशा गटांत फुटला होता. शाहिराला विनोद शोधायला लांब जावे लागले नाही!

पुस्तिका घेऊन आम्ही वस्तीतल्या एका वयोवृद्ध गायकाकडे गेलो. ऐंशी ओलांडलेली, दृष्टी अधू. पहिली ओळ आम्ही वाचली आणि पुढचे सारे गीत त्यांनी तोंडपाठ म्हटले. साठच्या दशकात १४ एप्रिलला गल्लोगल्ली गायन पार्ट्यांचे सामने पहाटेपर्यंत रंगत. त्यांत ही गीते म्हटली जात, आणि प्रत्येक पार्टी आपले एखादे कडवे जोडत असे, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, लोक पोट धरून हसायचे अन् घरी जाऊन देव्हारा काढायचे. भाषणानं जे पटायचं नाही, ते हसून पटायचं."

तिसऱ्या गीतावर मात्र ते अडले. पुस्तिकेत नसलेली दोन कडवी होती, हे त्यांना आठवत होते. कडवी आठवत नव्हती. म्हणजे ती गेली. कायमची!

समाजबांधवांनो, हा प्रश्न एका फाटक्या पुस्तिकेचा नाही. हसणे हे आमच्या चळवळीचे जुने शस्त्र आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा गण, गवळण, बतावणी, वग हा साचा घेतला आणि त्यातला सोंगाड्या भट-सावकाराच्या लबाडीवर सोडला. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आंबेडकरी जलशांनी हेच शस्त्र आणखी धारदार केले. ज्यांना गावात मान वर करण्याची मुभा नव्हती, ते त्या रात्री सावकाराच्या सोंगाला मनसोक्त हसत. ज्याला माणूस एकदा हसला, त्याला तो पूर्वीसारखा भीत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या वामनदादा कर्डकांनी ३ मे १९४३ रोजी जे पहिले गीत रचले, तेसुद्धा एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. महाकवीची सुरुवात विनोदाने झाली, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

मग हे हसू गेले कुठे? थोडा दोष आमचाही आहे. १९६७ साली याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मिता' सुरू केले, तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. लिहिलेल्या साहित्याला त्यामुळे व्यासपीठ मिळाले, समीक्षक मिळाले, विद्यापीठाचे दार उघडले. ते व्हायलाच हवे होते. परंतु त्या साहित्याची ओळख वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांत बांधली गेली आणि आमचा विनोद दाराबाहेरच राहिला. आज जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. त्यांत जयघोष असतो, पण म्हसोबा लपवणाऱ्याला कुणी चिमटा काढत नाही.

एक दूरचे उदाहरण देतो. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये एड सँडर्स आणि तुली कुप्फरबर्ग या कवींच्या 'द फग्स' या टोळीने सभ्यतेच्या ढोंगाची टर उडवणारा एक ओबडधोबड अल्बम काढला. तो फोकवेज या कंपनीच्या संलग्न संस्थेतर्फे निघाला. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये काढलेल्या या फोकवेजचा सारा संग्रह १९८७ साली स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेने घेतला, तो २,१६८ अल्बम कायम उपलब्ध ठेवण्याच्या अटीवर. आमच्या काही गायकांच्या तबकड्या निघाल्या. परंतु बहुतेकांचा अल्बम म्हणजे ही आठ आण्यांची पुस्तिका आणि श्रोत्यांचा कंठ. तो कंठ आता थकला आहे.

काहीजण म्हणतील, अन्याय होत असताना हसायचे कसले? आमचे उत्तर असे की, जलसेवाल्यांच्या वाट्याला आमच्यापेक्षा कमी अन्याय आला नव्हता. दुसरा आक्षेप खरा आहे. जुन्या विनोदात बायकांची टिंगल पुष्कळ होती. ती नोंदवावी, पण पुन्हा गाऊ नये.

आता कामाचे बोलू. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील वृद्ध गायक-गायिकांचा आवाज त्यांच्या संमतीने मोबाइलवर मुद्रित करावा. गीत कुणाचे, चाल कुठली, कुठल्या गावी म्हटले, हे लिहून ठेवावे. भीमराव कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून हा रस्ता दाखवलाच आहे. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातील आमच्या मुलामुलींनी ही सोंगे पुन्हा उभी करावीत. कायदाही लक्षात ठेवा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांचे निधन १५ मे २००४ चे, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. शाहिराचे गीत छापताना त्याच्या वारसांना विचारा आणि त्यांचे मानधन बुडवू नका. ब्राह्मणी व्यवस्थेने आमचे श्रम फुकट घेतले. तेच आम्ही आमच्या शाहिरांशी करायचे काय?

त्या गायकाकडे आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. ती दोन कडवी आठवणारे आणखी कुणी असेल, तर त्याने आजच ती कुणाला तरी म्हणून दाखवावीत.

जयभीम!