गल्ल्यातील तूट

नेर परसोपंतसारख्या तालुक्याच्या गावी दुकान आणि घर यांच्यामध्ये पुष्कळदा एका पडद्याचेच अंतर असते. कापूस-सोयाबीनच्या हंगामात गल्ला दिवसभर उघडला-मिटला जातो. रात्री रोकड जुळली नाही, की पहिली नजर वळते ती कामावरच्या माणसाकडे. एकदा शंभराची तूट, एकदा पाचशेची. त्याला चार शब्द ऐकवले जातात. प्रसंगी उद्यापासून येऊ नकोस, असेही सांगितले जाते. तूट मात्र थांबत नाही. मग एखाद्या दुपारी दहावीतल्या मुलाच्या दप्तरात नोटा सापडतात, आणि आई तेथेच मटकन खाली बसते.

अशा वेळी बहुतेक घरांत पहिला विचार मुलाचा नसतो, समाजाचा असतो. सोयरिकीच्या गोतावळ्यात बातमी फुटू नये म्हणून दार लावले जाते, आणि लावलेल्या दारामागे पट्टा निघतो. काका पोलिसांचा धाक घालतात. वस्तुतः 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलाला हे कधी ना कधी कळतेच, आणि मग धाक तर उरत नाहीच, वडीलधाऱ्यांच्या शब्दावरचा विश्वासही उरत नाही.

यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, 1936 पासून राहावयास आलेल्या गांधीजींनी आपल्या लहानपणच्या चोऱ्या आत्मकथेत लिहून ठेवल्या आहेत. पंधराव्या वर्षी, राजकोटला, भावाच्या सोन्याच्या कड्यातील तुकडा त्यांनी काढला. भावाला पंचवीस रुपयांच्या आसपास कर्ज झाले होते, ते फेडण्यासाठी. कर्ज फिटले, मन मात्र स्वस्थ होईना. तेव्हा कबुलीची चिठ्ठी लिहून त्यांनी आजारी वडिलांच्या हाती दिली. तीत शिक्षा मागितली होती, आणि वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये, अशी विनवणीही होती. करमचंदांनी अंथरुणावर उठून बसून ती वाचली. डोळ्यांतून आसवे ओघळली. क्षणभर डोळे मिटून त्यांनी विचार केला, चिठ्ठी फाडली आणि ते पुन्हा आडवे झाले.

प्रवचनांतून या आसवांचे वर्णन नेहमी होते. फाडलेल्या चिठ्ठीकडे मात्र कमी लक्ष जाते. मुलाच्या हस्ताक्षरातील कबुली हा सर्वांत पक्का पुरावा. तो जपून ठेवून पुढे दहा वर्षे प्रत्येक भांडणात बाहेर काढता आला असता. कित्येक घरांत कागद नसतानाही तेच चालते. मुलगा तिशीचा होतो, तरी कपाटाची किल्ली त्याच्यासमोर मुद्दाम कमरेला खोचली जाते.

अर्थात राजकोटची गोष्ट नेरला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे मान्य करावे लागेल. तेथे मुलगा आपण होऊन आला होता; येथे तो पकडला गेला आहे, आणि खोटेही बोलतो आहे. म्हणून क्षमेच्या आधी एक प्रश्न येतो: पैसे गेले कुठे? तो चारचौघांत विचारू नये, आणि परीक्षा पाहण्यासाठी टेबलावर नोट ठेवण्याचा सापळा तर मुळीच लावू नये. पंचवीस रुपयांच्या त्या कर्जासारखे काही ना काही मागे असण्याचा संभव असतो: मोबाइलवरच्या खेळात हरलेले पैसे, मित्राची उधारी, क्वचित मोठ्या मुलांची दमदाटी. ते देणे मिटले नाही, तर फटके खाऊनही मुलगा पुन्हा गल्ल्याकडेच जाईल. रक्कम त्यानेच फेडावी. पण झेपेल अशा हप्त्यांनी. 2014 पासून रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्रपणे बचत खाते चालविण्याची मुभा दिली आहे. त्याच्या नावचे पासबुक अशा वेळी उपयोगी पडते.

वडिलांनाही आपली वही उघडावी लागते. न दिलेले घेणे म्हणजे चोरी, ही व्याख्या आपल्याकडे लहानपणी पाठ होते; अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार मात्र फारसे कोणी मुलांना समजावून सांगत नाही. चोराला चिथावणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार, खोटी मापे आणि बनावट माल. ही सगळी यादी दुकानाचीच आहे. गादीवर बसणारा मुलगा कच्ची पावती पाहत असतो, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ हेही ऐकत असतो.

त्याच आत्मकथेत आणखी एक चोरी आहे, त्याआधीची: बारा-तेरा वर्षांच्या वयात विडीसाठी नोकराच्या खिशातून उचललेले पैसे. त्या नोकराचे पैसे परत गेले की नाही, याचा उल्लेख तेथे आढळत नाही. नेरच्या घरी मात्र कामावरून गेलेल्या माणसाचा पत्ता सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या दारी वडिलांनी स्वतः जावे, मुलाला सोबत न्यावे, आणि खोटा आळ आपण घेतला, हे आधी वडिलांनीच बोलावे. जितके दिवस तो घरी बसला, तितक्या दिवसांची मजुरीही बरोबर न्यावी लागेल.