चावी दिली, ठीक आहे. पण कुठल्या कुठल्या खोलीची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मामांचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ऑनलाइन विक्री सुरू केली, तेव्हा एका सॉफ्टवेअरवाल्यानं शिल्लक माल दाखवणारा प्रोग्राम जोडून दिला. परवा सहज सेटिंग उघडून बघितली आणि चाटच पडलो. गोदामात किती डझन उरलेत एवढंच वाचायचं काम असलेल्या त्या प्रोग्रामला गिऱ्हाइकांचे पत्ते बघायचा, दर बदलायचा, बिल रद्द करायचा, सगळा अधिकार दिलेला! मुदत? नाहीच.

मी म्हटलं, मामा, हे कमी करा की. तर म्हणाले, "अरे, त्याला इचारलं होतं. हात लावला तर ऑर्डरी बंद पडतील म्हणतो. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे."

आज लिहायचंय ते या "ऱ्हाऊ दे"बद्दल.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडून माहिती घ्यायची असेल तर ते एपीआयच्या दारातून येतं आणि येताना पास दाखवतं. त्या पासला ॲक्सेस टोकन म्हणतात. कुणाला काय वाचता येईल, काय बदलता येईल, हे त्या पासच्या अधिकारांवर ठरतं. तो पास ज्याच्या हातात पडला, त्याच्या हातात ते सगळे अधिकार. पासवर्ड विचारायला पुन्हा कुणी येत नाही.

आता "हात लावला तर बंद पडेल" हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. स्लॅकसारख्या ठिकाणी एकदा दिलेली परवानगी त्याच टोकनमधून काढता येत नाही, टोकन रद्द करून नवीन घ्यावं लागतं. काही एपीआयमध्ये अधिकार बदलताना पूर्ण यादी नव्यानं पाठवावी लागते. तीनपैकी एकच लिहिला तर उरलेले दोन उडाले. अशा चुकीनं एखाद्याची सिस्टीम रात्री बंद पडली असेल, तर तो पुन्हा हात लावायला घाबरणारच. पण उलट उदाहरणंही आहेत. गिटहबनं 2022 साली बारीक अधिकारांची टोकन आणली, त्यांचे अधिकार नंतर बदलता येतात. आणि 2012 च्या ओऑथ 2.0 मानकात तर साफ लिहिलंय की टोकनचं नूतनीकरण करताना आधीपेक्षा कमी अधिकार मागता येतील, जास्त नाही. म्हणजे कमी करायची सोय आहे. कमी करायचं कुणाच्या मनात येत नाही, एवढंच.

आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर एकदा झालंय. जानेवारी 2018 मध्ये चंदीगडच्या 'द ट्रिब्यून'नं बातमी दिली की 500 रुपयांत आधारची माहिती शोधायचं लॉगिन मिळतंय. प्राधिकरणानं बायोमेट्रिक माहिती फुटल्याचं नाकारलं. पण आठवड्याभरातच व्हर्च्युअल आयडी आणि मर्यादित केवायसी जाहीर केली. सरसकट सगळ्या संस्थांना पूर्ण माहिती कशाला? ज्यांना कायद्यानं आधार क्रमांक लागतो त्यांना पूर्ण, बाकीच्यांना गरजेपुरती. आधार चालूच राहिलं, आणि चावी मात्र लहान झाली. हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मग आपल्या सोलापूरचं काय? जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आपलं नाव आलं, तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके वाजवले. आज घरपट्टी ऑनलाइन, पतसंस्थांचे ॲप, सोसायट्यांचे ॲप. प्रत्येकाच्या मागे कुठला तरी ठेकेदार आणि त्याच्या हातात कुठली तरी टोकन. कुणावर आरोप करत नाही. पण ठेका संपल्यावर ती रद्द होतात का, चालू असताना त्यांचे अधिकार कोण तपासतं, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारलेला मी तरी ऐकला नाही. पतसंस्थेच्या सभेत जेवणाच्या मेनूवर अर्धा तास जातो!

आणि हे आता नुसतं शहाणपण राहिलेलं नाही. 2023 चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. माहितीपर्यंत कोण पोचतं यावर नियंत्रण ठेवा, नोंदी किमान वर्षभर ठेवा, असं त्यात आहे. मुख्य तरतुदी लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत दिलीय. सुरक्षेत कसूर केली तर दंड 250 कोटींपर्यंत. तुमच्या संस्थेचे सचिव फेसबुकवर असतील तर त्यांना इथं टॅग करा. पुढच्या करारात एवढं लिहून घ्या म्हणावं: कोणत्या टोकनला कोणते अधिकार आहेत याची यादी, दर सहा महिन्यांनी ती कमी करायची तारीख, आणि ठेका संपला त्या दिवशी रद्द.

मामांचं सांगायचं राहिलं. रविवारी कारखाना बंद असताना आम्ही दोघांनी बसून नवीन टोकन काढलं, फक्त शिल्लक माल वाचायचा अधिकार देऊन. ते आधी जोडलं, चालतंय का बघितलं, मग जुनं रद्द केलं. सोमवारी ऑर्डरी नेहमीसारख्या आल्या. फक्त कुरिअरचं लेबल छापेना. तोही प्रोग्राम जुनंच टोकन वापरत होता, हे कुणाला माहीतच नव्हतं. त्याला पत्ते वाचण्यापुरतं वेगळं टोकन दिलं. वीस मिनिटं गेली, मामांनी दोन वेळा चहा मागवला.