घरची शुश्रूषा

वृद्ध व अपंग माणसांची घरांत आबाळ होऊं लागली म्हणजे मुलांच्या ठायीं पूर्वीची माया राहिली नाहीं, असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्हींही तें पुष्कळदां म्हटलें आहे, व नीतिशिक्षणाच्या तासाला शिकविलेंही आहे. आज मात्र त्याच्या उलट चार शब्द लिहावे असें वाटतें. मायेची वाण हें अर्धेंच सत्य होय; खरी वाण आहे ती शिक्षणाची.

हें मत बनावयास एक घरगुती प्रसंग कारण झाला. आमच्या मातोश्रींना अर्धांगवायूचा झटका आला व त्यांची उजवी बाजू गेली. आम्ही उभयतां नोकरी करणारीं, म्हणून एका ब्यूरोकडून बारा तासांच्या पाळीची बाई ठेविली. बाई स्वभावानें गरीब व वेळेवर येणारी. मातोश्रींचे केस विंचरतांना ती गाणेंही गुणगुणे. आम्हांस वाटलें, आतां काळजी मिटली. तीन आठवड्यांनीं चादर बदलतांना माकडहाडापाशीं रुपयाएवढी जखम दिसली! अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस साधारणतः दर दोन तासांनीं बदलावी लागते. एकाच जागीं भार राहिला म्हणजे तेथील रक्ताचा पुरवठा तुटतो आणि कातडी मरूं लागते. हें त्या बाईस कोणीं शिकविलें नव्हतें. ती पूर्वी धुणीं-भांडीं करीत असे. ब्यूरोनें तिला एक पांढरा एप्रन दिला, तेवढेंच काय तें तिचें शिक्षण. परंतु तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस कोठें होता? आम्ही पदवीधर, आणि आम्हांसही तें ठाऊक नव्हतें. माया तिच्या ठिकाणीं होती, आमच्याही ठिकाणीं होती. जखम व्हावयाची ती झालीच.

याहून लाजेची गोष्ट पुढेंच आहे. त्याच दिवसांत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी नेहमीं उशिरां येई व आम्ही त्यास दाराबाहेर उभें करीत असूं. चौकशीअंतीं कळलें कीं, त्याचे आईबाप पहांटेच कामावर जातात, आणि लुळ्या पडलेल्या आजोबांचें तोंड धुणें, त्यांस पुसून कोरडें करणें, कूस बदलून गुडघ्यांमध्यें उशी ठेवणें, हें सर्व उरकून हा मुलगा शाळेस निघतो. सरकारी दवाखान्यांतील परिचारिकेनें त्यास एकदां दाखविलें होतें. तें त्यानें नीट ध्यानांत ठेविलें. अंगाखालील चादर धरून रोग्यास कुशीवर कसें घ्यावें, तें आम्ही त्याच्याकडून शिकलों. हजेरीपटावरील त्याचे लाल शेरे तेवढे पुसतां आले नाहींत.

शुश्रूषा ही शिकण्याची विद्या आहे, हें फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८६० सालीं लंडनमध्यें परिचारिकांची शाळा काढून दाखविलें. परंतु ती विद्या इस्पितळांत राहिली. घराच्या उंबरठ्याच्या आंत फारशी आलीच नाहीं. २०११ च्या शिरगणतींत आपल्या देशांत साठी गांठलेलीं माणसें १० कोटींहून अधिक व अपंग २ कोटी ६८ लक्ष भरलीं. यांतील बहुतेक घरींच राहणार. २००७ च्या कायद्यानें वृद्ध आईबापांस मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला, हें ठीकच झालें. पण पैशानें कूस बदलत नाहीं. घरीं जाऊन सेवा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, असें एक दुरुस्तीचें विधेयक २०१९ सालीं लोकसभेंत आलें होतें. २०२४ मध्यें ती लोकसभा संपली तरी त्याचा कायदा झाला नव्हता.

पगारी माणूस ठेवणें हें पाप आहे, असें कित्येक नातेवाईक सुचवितात. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या शाळेंतील लहान मुलांसही पाठ आहे, पण आपण ती बहुधा गाढवापाशींच थांबवितों! त्यानें त्या जखमीस खाणावळीवाल्याच्या हवालीं केलें व त्याबद्दल पैसे दिले. मात्र त्याआधीं त्यानें स्वतः जखमा बांधल्या, एक रात्र स्वतः सेवा केली, आणि परत येईन, जास्त खर्च झाला तर तोही देईन, असें सांगून तो गेला. आपण पैसे देतों. परत कितीजण येतात? सकाळीं बाईच्या हातीं किल्ली दिली कीं आपण सुटलों. ब्यूरो तिच्या पगारांतून किती कापतो हें विचारीत नाहीं, आठवड्याची सुटी मागितली तर कपाळास आठी घालतों, आणि आपल्या आईची मलमूत्रशुद्धि करणाऱ्या त्या बाईची कपबशी वेगळ्या कोनाड्यांत ठेवतों. प्रभूचें नांव घेणाऱ्या घरांतही हें आम्हीं पाहिलें आहे.

आमच्या स्काउटांस मोडलेल्या हातास पट्टी बांधतां येते. म्हाताऱ्या आजीस खाटेवरून खुर्चीवर सुरक्षित कसें बसवावें, हें मात्र त्यांस कोणीं शिकवीत नाहीं. वास्तविक पट्टीपेक्षां याचाच प्रसंग घरीं अधिक येतो. पुढील सत्रांत एखाद्या अनुभवी परिचारिकेस दोन शनिवार शाळेंत बोलावावें, मुलांबरोबर पालकांनींही बसावें, आणि ज्यांच्या घरीं कामास बाई आहे त्यांनीं तिलाही त्या दिवसाचा पगार न कापतां घेऊन यावें, अशी आमची विनंति आहे. मुलगे व मुली दोघेंही आलीं पाहिजेत. हें सुनेचें काम म्हणून सोडून देण्याचा काळ गेला.

मातोश्रींची जखम भरून यावयास चार महिने लागले. ती बाई अजून आमच्याकडेच आहे. कूस बदलण्याच्या वेळा तिनें खाटेजवळच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेविल्या आहेत. रात्रीं दहा, बारा, दोन व चार यांपुढें आमचें नांव आहे.