घरातली शाळा आणि आईचे दोन तास

“काकू, यंदा पोराले शाळेत नाही धाडत मी. घरीच शिकवतो!”

आमच्या गल्लीतली सून सांगत होती. (आमच्या वऱ्हाडात बाईसुद्धा ‘शिकवतो’च म्हणते, हे बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगितलं.) जूनमधली दुपार, ऊन मी म्हणत होतं आणि ही पदरानं घाम पुसत मोताळ्यातल्या आमच्या ओसरीवर येऊन बसली. मुलगा तिसरीत जाणार. दोन वर्षं मलकापूरच्या एका इंग्रजी शाळेत व्हॅननं जातोय. सकाळी सहाला उठवायचं, अर्धवट झोपेत दूध पाजायचं, की दुपारी तीनला परत. रोज सकाळी त्याचं पोट दुखतं. रविवारी दुखत नाही! डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. आणि एवढं करून पोराला ना इंग्रजी वाचता येत, ना मराठी. थोरली मुलगी पाचवीत जाणार, ती मात्र गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. मुलगा व्हॅननं आणि मुलगी पायी, हे आपल्याकडे काही नवीन नाही, म्हणून त्यावर तेव्हा मी काही बोलले नाही.

ही बारावी झालेली. डी. एड. करायचं होतं, पण मधेच लग्न झालं. डोळ्यांत अजून ती हौस दिसते. म्हणाली, “तुमी फक्त वर्षाचं प्लॅनिंग करून द्या मले.”

वर्षाचं प्लॅनिंग! मला माझीच फजिती आठवली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या खेड्यापाड्यांतल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी थेट १ डिसेंबर २०२१ ला उघडल्या. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या पोरानं वर्ग पाहिला तो दुसरीत गेल्यावर. त्या काळात गल्लीतली पाच मुलं मी ओसरीवर गोळा केली होती. तोंडाला रुमाल, अंतर ठेवून पोती अंथरलेली आणि भिंतीवर माझं झोकदार वेळापत्रक! अकराला प्रार्थना, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तास, मधली सुट्टी, ताटलीवर चमचा आपटून घंटा. पाचव्या दिवशी एक चिमुरडी हात वर करून म्हणाली, “मॅडम, घरी जाऊ?” रोज मला काकू म्हणणारी पोर ती. चमच्याच्या घंटेनं काकूची मॅडम केली होती!

तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाची मालिका लागायची. पहिली ते आठवीसाठी. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन मुलांनी करून बघायचं, विचार करायचा, असं तिचं रूप होतं. ती पाहून मी वेळापत्रक काढून टाकलं. तुरीच्या दाण्यांचे दहा-दहाचे ढीग आले, चपलांच्या जोड्या मोजणं आलं, आजीला विचारून गोष्ट लिहून आणणं आलं. मुलं रमली. पण मैत्रिणींनो, खरी अडचण तरी राहिलीच. ती मुलांची नव्हतीच, माझी होती. इकडे पोरगा ‘काकू, हे बघा’ म्हणतोय, तिकडे गॅसवर भाजी, दारात दूधवाला, आतून चहाची हाक. दोन तासांत मी किती वेळा उठत होते ते एका मुलीनं मोजून वहीत लिहिलं होतं. चौदा वेळा! मोजायला मीच शिकवलं होतं ना!

म्हणून या सुनेला मी म्हटलं, “पुस्तकं, प्लॅनिंग नंतर. आधी सांग, दिवसातले कोणते दोन तास तुझे आहेत?”

ती गप्प बसली. मग हसून म्हणाली, “माये? रातच्याले झोपल्यावरचे!”

तुम्हाला हे नवीन वाटेल का? पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, आठव्या वर्षापासून संस्कृत शिकवलं. ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची. दिवसभर घरचं काम, आल्यागेल्याचं बघणं, म्हणून त्या माउलीनं वेळ काढला तो पहाटेचा. उजाडण्याच्या आधी लेकीला उठवून धडा द्यायचा. रमाबाईंची विद्वत्ता सगळ्यांना माहीत आहे, त्या पहाटेच्या मागची ओढाताण आपण बायकांनीच ओळखायची. आणि अलीकडचं बघा. २०१६ मध्ये मुंबईची मालविका जोशी, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना, अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली. सातवीनंतर ती घरीच शिकली होती. पेपरांत मुलीचं कौतुक भरभरून आलं, ते यायलाच हवं. पण तिच्या आईनं त्यासाठी नोकरी सोडली आणि घरीच तिचा अभ्यास आखला, ही ओळ मला मोठी वाटली. दोघींच्या घरी आधी आईचा वेळ ठरला, मग लेकीचा अभ्यास. आपण नेमकं उलटं करतो. पुस्तकं आणतो, वह्यांना कव्हरं घालतो आणि शिकवायचं ‘सवड मिळेल तसं’. सवड कोणाला मिळाली आहे आजवर?

दोन तास पुरतात का, ही तिची पहिली शंका. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. पण ते भरल्या वर्गासाठी. हजेरी, रांग, वह्या गोळा करणं, एकाचं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबणं हे सगळं त्यात आलं. एका मुलाला समोर बसवून, न उठता दिलेले दोन तास मला त्याहून कमी वाटत नाहीत. ‘न उठता’ हे शब्द तेवढे विसरायचे नाहीत.

मग आम्ही कॅलेंडर खाली काढलं. विदर्भातली शाळा तशीही उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडते, ऊन सोसवत नाही म्हणून. यांची घरची चार एकर आहे. कपाशी आणि सोयाबीन. पेरणीचे दिवस गेले, निंदणाचे गेले, पोळा, महालक्ष्म्या, मग सोयाबीनची सोंगणी, दिवाळी. मे महिना तर सोडूनच द्या. पाहुणे, लग्नं, दुखणीखुपणी धरून बावन्न आठवड्यांतले सोळा आम्ही खोडले. उरले छत्तीस. आठवड्याला पाच दिवस, दिवसाला दोन तास, झाले तीनशे साठ. हा हिशेब तिनं मुलाकडूनच करून घेतला. त्याला जमला नाही, पण तो पहिल्यांदा आमच्याजवळ सरकून बसला!

पहिले दहा आठवडे नुसतं मराठी वाचायचं, असं मी सुचवलं. उतारे नकोत, शुद्धलेखन नको, धडा पाठ करणं तर नकोच. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात, गोष्टींची पुस्तकं वाचनालयातून आणावीत. आईनं एक पान वाचावं, पोरानं एक ओळ. “अन् इंग्रजी?” ती घाबरलीच. रोज पाच वाक्यं बोला म्हटलं, पण ज्याला ‘पाणी’ वाचता येत नाही त्याला ‘वॉटर’ कशाला रटायला लावायचं? एका भाषेत वाचनाची गाठ सुटली की दुसरीत सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

गणिताचं म्हणाल तर मुलाला ‘त्रेसष्ट’ म्हटलं की छत्तीस लिहायची सवय. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’, ‘साठ तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढी टिंगल झाली होती! मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावून सांगितलं होतं, पण ऐकणारे थोडे. मी तेव्हा हसणाऱ्यांत होते, हेही कबूल करते. आता या पोराला ‘साठ तीन’ म्हटलं आणि त्यानं बरोबर ६३ लिहिलं. बाकी गणित एस. टी. शिकवते. मार्च २०२३ पासून आईचं तिकीट अर्धं, बारा वर्षांच्या आतल्या पोराचंही अर्धं. मलकापूरला जाऊन येण्याचे किती, हे त्यानंच काढायचं आणि पैसेही त्यानंच द्यायचे.

महिन्यातून एक दिवस बाहेर. तालुक्यातलं नळगंगा धरण आहे, बुलढाण्याला जाताना राजूरचा घाट आहे. जमिनीची उंची एकदम कशी वाढते ते पोटात गोळा आला की आपोआप कळतं. लोणारचं सरोवर जिल्ह्यातच. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा जगभरातले लोक त्याचे फोटो बघत होते आणि आपल्यातल्या कितीजणींनी ते प्रत्यक्ष पाहिलंय? जिजाऊंचं सिंदखेडराजाही याच जिल्ह्यातलं. चौथीत शिवराय शिकण्याआधी पोरानं तो वाडा बघितलेला असू दे.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ते टाळून चालणार नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे आईबापांचं कर्तव्य मानतो. घरच्या शाळेची सोय त्यात सांगितलेली नाही. म्हणून मी तिला म्हटलं, हे दोन शाळांमधलं वर्ष समज. आधी जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट, लपवाछपवी नको. परतीचं दार उघडं आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो आणि जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कुणाला पुढेही घरीच शिकवायचं असेल तर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवीपासून परीक्षा घेतं, त्यासाठी वयाची दहा वर्षं पूर्ण लागतात.

एवढं सगळं जमत आलं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मंग पोट्टीलेबी ठेवू ना घरी. दोघंबी शिकतीन, अन् इले हातभारबी लागन.”

माझ्या छातीत धस्स झालं. मैत्रिणींनो, या तालुक्यात फिरताना ‘पोरगी घरीच शिकते’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. आत जाऊन बघावं तर कडेवर लहान भाऊ, हातात झाडू आणि दप्तर माळ्यावर. पुढची बातमी येते ती लग्नाची. मुलगा घरी राहिला की त्याच्यासाठी आईचा वेळ काढतात आणि मुलगी घरी राहिली की तिचाच वेळ घर घेतं. मी स्पष्ट सांगितलं, “पोरगी शाळेतच जाईल. ती घरी राहणार असेल तर हे प्लॅनिंग मी फाडते.” आवाज जरा चढलाच माझा. सासूबाई रागावल्या, सून खाली मान घालून बसली. पाचवीतली पोर दाराआडून ऐकत होती, हे मला नंतर दिसलं.

चार दिवसांनी सून परत आली. मुलगी शाळेत जाणार, हे नक्की झालं होतं. अकरा ते एक हे दोन तास तिचे, तेवढ्यात चहा नि दार सासूबाई बघणार, असंही ठरलं होतं. मागोमाग त्याही आल्या. चष्मा लावून आमचं खोडलेलं कॅलेंडर पाहत राहिल्या आणि नोव्हेंबरवर बोट ठेवून मला म्हणाल्या, “सारं ठीक हाये बाई. पन कापूस वेचाले आला म्हंजे मंग कसं?”

त्या महिन्याचं आम्ही खरंच काही ठरवलेलं नव्हतं.