टेप आहे, यंत्र कुठाय?

१७ ऑक्टोबर १९५८. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर हॉलिवूडचा नर्तक फ्रेड अस्टेअर तासाभराच्या कार्यक्रमात नाचला. वय ५९, जोडीला बॅरी चेस. रंगीत व्हिडिओ टेपवर उतरलेल्या पहिल्यावहिल्या मोठ्या कार्यक्रमांपैकी हा एक. दोन इंच रुंदीची ती टेप तेव्हा इतकी महाग, की जुनं पुसून त्यावरच नवं चढवायची सर्रास रीत. ही मात्र वाचली. पण पुढे रेकॉर्डिंगची पद्धतच बदलली. नव्या यंत्रांवर टेप धड चालेना. अखेर १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी जाणकारांनी यंत्राची जुळवाजुळव करून रंग परत मिळवले. त्या खटाटोपाला एमी पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. वाचकहो, घरातल्या व्हीएचएस कॅसेटींच्या प्रती, प्लेअर चालतोय तोवरच काढून घ्या.